मोटारीचा वैल

जुन्या घरांतील स्वयंपाकघर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना चुलीच्या अंगास जोडलेला वैल आठवत असेल. वैलाखालीं निराळा जाळ घालावा लागत नसे. चुलींत भाताखालीं जें सरपण जळे, त्याचीच उरलेली आंच आंतल्या वाटेनें वैलाकडे जाई आणि तेवढ्या आंचेवर आमटी ऊन राही, दूध तापे. थंड देशांतील मोटारगाडींत उतारूंना ऊब देणारें जें यंत्र असतें, ज्याला सर्वत्र हीटर म्हणतात, तें बहुतांशीं या वैलासारखेंच आहे. त्याला स्वतःचा अग्नि नाहीं. जुन्या गाड्यांच्या इंजिनांत पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेली बहुतेक उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर जाते. या वायां जाणाऱ्या उष्णतेंतील अल्पसा अंश उसना घेऊन माणसांपर्यंत पोंचविणें, एवढेंच हीटरचें कार्य होय.

म्हणून जुन्या गाडीचा हीटर गार वारा सोडूं लागला म्हणजे 'हीटर बिघडला' असें म्हणणें बहुधा अर्धसत्य ठरतें. बिघाड चुलींत असेल, वाटेंत असेल, किंवा वैलांत असेल. ही वाट एका दिवसांत तयार झालेली नाहीं. तिचा प्रत्येक टप्पा कोणत्या तरी अडचणीला अथवा अपघाताला उत्तर म्हणून बसविलेला आहे. तो इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला बिघाड शोधण्याचा क्रमहि आपोआप उमगतो. आणि तेंच आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

आपल्या देशावर किंवा कोंकणांत मोटारींतील उबेचा प्रश्न कधीं जीवनमरणाचा झाला नाहीं. परंतु कॅनडांत व उत्तर अमेरिकेंत हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस-तीस अंश सेंटिग्रेड उतरतो, आणि अशा थंडींत निर्जन रस्त्यावर सांपडलेल्या उतारूला हीटर ही चैनीची वस्तु राहात नाहीं. हीटरचा इतिहास मुख्यतः याच प्रदेशांत घडला, हें त्यामुळें स्वाभाविकच आहे.

मोटारीच्या आरंभकाळीं हा प्रश्न उद्भवलाच नाहीं, कारण गाडी उघडी होती. वाऱ्यांत ऊब सांठविणें कोणालाहि शक्य नव्हतें. घोडागाडीच्या काळचे जे उपाय होते तेच मोटारवाल्यांनीं उचलले: केसाळ कातड्याचे कोट, मांडीवर जाड घोंगडी, पायांखालीं तापविलेली वीट किंवा निखारे ठेवलेली पत्र्याची पेटी. शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स या बाईंना २८ नोव्हेंबर १८९३ रोजीं 'कार-हीटर'चें पेटंट मिळालें, आणि त्यावरून मोटारीच्या हीटरची जननी म्हणून त्यांचा उल्लेख वारंवार केला जातो. परंतु त्या वर्षीं अमेरिकेंत मोटार ही वस्तु नुकतीच जन्माला येत होती. 'कार' या शब्दानें लोकांना मुख्यतः आगगाडीचा किंवा ट्रामचा डबा समजे. त्यांना मान द्यावयाचा तो रुळांवरील गाड्यांच्या इतिहासांत द्यावा, हें अधिक न्याय्य होय.

खरा पालट झाला तो गाडीला भिंती व टप आल्यावर. १९१९ च्या सुमारास अमेरिकेंत तयार होणाऱ्या मोटारींपैकीं शेंकडा १० च बंद असत. १९२७ सालीं तें प्रमाण शेंकडा ८५ पर्यंत गेलें. गाडीची आतां एक खोली झाली. खोली ऊन ठेवतां येते, म्हणून ती ऊन असावी अशी अपेक्षाहि उत्पन्न झाली. शिवाय श्वासाच्या वाफेनें कांचा धुरकटूं लागल्या, आणि समोरचा रस्ता दिसण्यासाठींहि ऊन वारा हवासा झाला. मात्र बंद खोलींत जशी ऊब सांठते तसें विषहि सांठतें, ही गोष्ट प्रथम फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

इंजिनाच्या आसपास सर्वांत तप्त वस्तु म्हणजे धूर वाहून नेणारी नळी. म्हणून पहिले हीटर या नळीवर अवलंबून होते. गाडीच्या तळांत जाळीखालीं एक पेटी बसवून तींतून धुराची नळी नेत, आणि जाळींतून वर येणाऱ्या उबेवर पाय शेकीत. फोर्डच्या मॉडेल ए गाडीसाठीं मिळणारे हीटर याच जातीचे होते. तप्त नळीभोंवतीं पत्र्याचें वेष्टण असे, इंजिनाच्या पंख्याचा वारा त्या वेष्टणांतून खेळे आणि पुढच्या फळींतील भोकांतून पायांशीं येई. योजना स्वस्त होती, आणि इंजिन सुरू होतांच कांहीं मिनिटांत ऊब मिळे.

परंतु नळीला गंज लागतो, सांधे सैल होतात, आणि मग ऊन वाऱ्याबरोबर धूरहि आंत येतो. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्या हिमोग्लोबिनला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक आसक्तीनें चिकटतो. हडसन नदीखालून न्यू यॉर्क व न्यू जर्सी यांना जोडणारा मोटारींचा बोगदा १९२७ सालीं खुला झाला. त्यांत हवा किती खेळती ठेवावी हें ठरविण्याकरितां येल विद्यापीठांतील यँडेल हेंडरसन व हॉवर्ड हॅगर्ड यांनीं याच विषाचा अभ्यास केला होता. बोगद्यांतील हवेविषयीं शास्त्रज्ञ एवढी काळजी घेत असतां अनेक उतारू त्याच धुराच्या नळीला पत्र्याच्या एका पडद्यापलीकडे ठेवून पाय शेकीत बसत, हा त्या काळाचा एक विचित्र विरोध होय.

धुराऐवजीं पाण्याकडे वळण्याचें कारण आतां स्पष्ट होईल. इंजिन फार तापूं नये म्हणून त्याच्या पोकळ भिंतींतून पाणी फिरविलेलें असतें. सारख्या वजनाच्या हवेपेक्षां पाणी चौपटीहून अधिक उष्णता वाहून नेतें, आणि तें फुटून आंत आलें तर पाय भिजतात, जीव जात नाहीं. १९३० च्या सुमारास हा मार्ग रूढ होऊं लागला. मोठ्या रेडिएटरचें जणूं लेंकरूं असा एक छोटा रेडिएटर उतारूंच्या पायांपुढें बसवावयाचा, रबराच्या दोन नळ्यांनीं इंजिनाचें ऊन पाणी त्यांतून फिरवावयाचें, आणि मागें विजेचा छोटा पंखा लावावयाचा. मात्र यासाठीं पाण्याला रेटा देणारा पंप हवा. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडींत, अगदीं पहिल्या कांहीं गाड्या सोडल्यास, पंपच नव्हता. ऊन पाणी हलकें होऊन वर चढे व थंड पाणी खालीं उतरे, एवढ्यावरच तिचें काम चाले. पंप सार्वत्रिक झाल्यावरच पाण्याच्या हीटरला खरे दिवस आले.

या पालटानें एक विषाचें भय गेलें, पण त्याबरोबर एक परावलंबनहि आलें. धुराच्या नळीला रेडिएटरशीं कर्तव्य नव्हतें. पाण्याचा हीटर मात्र इंजिनाच्या साऱ्या जलव्यवस्थेशीं बांधला गेला. तिचें प्रत्येक दुखणें आतां उतारूच्या पायांना जाणवूं लागलें.

त्या जलव्यवस्थेचें पहिलें दुखणें म्हणजे पाण्याचें गोठणें. गोठतांना पाणी फुगतें व लोखंडाचें इंजिनहि फोडतें. म्हणून पाण्यांत मद्यार्क मिसळण्याची पद्धति पडली. परंतु काष्ठमद्यार्क ६५ अंशांवर व साधा मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो. म्हणजे इंजिन चांगलें तापूं द्यावें तर मद्यार्क उडून जाणार. तेव्हां इंजिन मुद्दाम थंडसर ठेवावें लागे, आणि चूलच मंद म्हटल्यावर वैल कोठून तापणार? १९२७ सालीं अमेरिकेंत 'प्रेस्टोन' या नांवानें एथिलीन ग्लायकॉल बाजारांत आलें. त्याचा उत्कलनबिंदु सुमारें १९७ अंश असून, समभाग पाण्यांत मिसळलें असतां तें मिश्रण शून्याखालीं ३५ अंशांच्याहि पलीकडे जाईपर्यंत गोठत नाहीं. यामुळें हिवाळ्यांतहि इंजिन ८० अंशांच्या वर चालविणें शक्य झालें. उतारूंना मिळालेल्या उबेचें श्रेय हीटरइतकेंच या द्रवालाहि दिलें पाहिजे.

दुसरा प्रश्न असा कीं, इंजिन लवकर तापावें पण अति तापूं नये. त्यासाठीं पाण्याच्या वाटेंत एक द्वारपाल बसविला गेला, तोच थर्मोस्टॅट. पाणी थंड असतां तो मोठ्या रेडिएटरकडील दार मिटून धरतो आणि ठराविक उष्णतामान आलें म्हणजे तें उघडतो. १९१४ सालच्या कॅडिलॅकच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर अशी योजना होती. पुढें पुष्कळ वर्षें या कामासाठीं टेनेसी संस्थानांतील वेस्टन फुल्टन यांच्या कल्पनेंतून निघालेली धातूची भात्यासारखी डबी वापरली जाई. ती फुटली तर दार उघडेंच राही. इंजिनाला इजा होत नसे, परंतु तें कधीं पुरतें तापतहि नसे. रेडिएटरवर दाब धरणारीं झांकणें आलीं, तेव्हां त्या दाबानें भात्याची चाल बिघडूं लागली. म्हणून १९३० नंतरच्या दशकांत सर्जियस व्हर्नेट यांनीं सिद्ध केलेला मेणाचा थर्मोस्टॅट पुढें सर्वत्र मान्य झाला. बंद गोळींतील मेण वितळून फुगतें व दार ढकलतें. बाहेरच्या दाबाची त्याला फारशी पर्वा नसते.

उष्ण प्रदेशांत पुष्कळ मेकॅनिक हा थर्मोस्टॅट निरुपयोगी समजून काढून टाकीत. त्यांचा हेतु चांगला असे. परंतु तीच गाडी थंड हवेंत गेली म्हणजे मालक हीटरला दोष देतो. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, ही आपली म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

तिसरा टप्पा वाऱ्याचा. पहिले हीटर गाडींतलीच हवा पुन्हां पुन्हां तापवीत; त्यामुळें हवा कोंदट होई व कांचा अधिकच धुरकटत. अमेरिकेंतील नॅश कंपनीनें १९३८ च्या गाड्यांत बाहेरची ताजी हवा गाळून, ऊन पाण्यावर तापवून आंत सोडण्याची योजना आणली आणि १९३९ सालीं तिला उष्णतामान आपोआप राखणाऱ्या नियंत्रणाची जोड दिली. 'वेदर आय' या नांवानें ती प्रसिद्ध झाली. ताज्या हवेबरोबर पत्र्याच्या झडपा आल्या, त्यांना ओढणाऱ्या तारा आल्या, आणि म्हणून बिघाडाच्या जागाहि वाढल्या.

सर्वच गाड्या मात्र या मार्गानें गेल्या नाहींत. जर्मनीची फोक्सवॅगन 'बीटल' हिचें इंजिन वाऱ्यानेंच थंड होई. तिच्यांत पाणी नव्हतेंच. तिच्यांत प्रथम इंजिनावरून फिरून तापलेलीच हवा आंत येई. १९६३ च्या नमुन्यापासून धुराच्या नळ्यांभोंवतीं पंखेदार आवरणें देऊन त्यांतून निराळी ताजी हवा आणली गेली. तेथून ती दारांखालच्या पोकळ पत्र्यांतून पुढें जाते. तो पत्रा गंजला कीं ऊब रस्त्यावर सांडते. आणि नळी किंवा आवरण गंजलें तर तेंच जुनें विषाचें भय परत येतें. स्वतः पेट्रोल जाळणारे हीटरहि कांहीं गाड्यांत बसवीत. त्यांना चूल-वैलाचा दाखला लागू पडत नाहीं. त्यांची तपासणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. पाण्याचा हीटर आहे, पंखा फिरतो आहे, वारा येतो आहे, पण तो गार आहे. (वाराच येत नसेल तर फ्यूज, तार व पंखा पाहावयाचे, तो विजेचा निराळा विषय.) अशा वेळीं पुष्कळ लोक डॅशबोर्ड खोलून प्रथम हीटरच बाहेर काढतात. दिवस मोडतो, खर्च होतो, आणि नवा हीटर बसविल्यावरहि वारा गारच राहातो. त्याऐवजीं उष्णता ज्या वाटेनें येते त्याच वाटेनें आपण चालावें.

आरंभ चुलीपासून. इंजिन पूर्ण थंड असतां रेडिएटरचें झांकण काढून पाणी भरलेलें आहे कीं नाहीं तें पाहावें. इंजिन तापलेलें असतां हें झांकण कधींहि उघडूं नये. दाब सुटतांच उकळतें पाणी अंगावर येतें. पाणी पुरेसें असेल तर गाडी पंधरा-वीस मिनिटें चालवून उष्णतामान दाखविणारा कांटा पाहावा. तो खालींच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणी तरी काढून टाकला आहे, असें समजावें.

कांटा योग्य जागीं असेल तर दुसरी परीक्षा हाताची. इंजिन बंद करून हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना जपून स्पर्श करावा. दोन्ही गार असतील तर पाणी हीटरपर्यंत पोंचतच नाहीं. अशा वेळीं तोटी पाहावी. कित्येक ब्रिटिश गाड्यांत ती इंजिनाच्या डोक्यावर असून आंतल्या तरफेशीं एका तारेनें जोडलेली असते. तार निसटली कीं आंत तरफ हालते, तोटी मात्र मिटलेलीच राहाते. १९५९ सालीं निघालेल्या मिनी गाडीच्या साध्या नमुन्यांत हीटर मुळांत मिळतच नसे, तो जादा पैसे देऊन घ्यावा लागे.

तोटी उघडी असूनहि नळ्या गार असतील तर हवेचा बुडबुडा अडकल्याचा संशय घ्यावा. हीटर पुष्कळदां इंजिनाहून उंच असतो, आणि हवा नेहमीं उंच जागा धरून बसते. नुकतेंच पाणी बदललें असेल तर हा संशय अधिक बळावतो. गाडीचें तोंड उंच करून, तोटी पूर्ण उघडून, पाणी सावकाश भरावें. हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा, नसल्यास इंजिन थंड असतांना हीटरची वरची नळी सैल करून बुडबुड्यांवांचून अखंड धार येईपर्यंत थांबावें. इंजिनाचा वेग वाढविल्यावर वारा ऊन होतो व मंद केल्यावर गार पडतो असें आढळलें, तर पाणी कमी आहे किंवा पंप दुबळा झाला आहे.

एक नळी कढत व दुसरी गार असेल तर छोट्या रेडिएटरच्या बारीक वाटा गंजानें, क्षारानें, किंवा गळती बुजविण्यासाठीं पूर्वीं घातलेल्या भुकटीनें तुंबल्या आहेत. नळ्या सोडवून, पाण्याच्या नेहमींच्या दिशेच्या उलट बाजूनें, मंद दाबाचें स्वच्छ पाणी सोडावें. जुन्या डाखाचे सांधे जोराचा दाब सोसत नाहींत. आणि दोन्ही नळ्या सारख्याच कढत असतील तर पाण्याचा कांहीं दोष नाहीं. मग दोष वाऱ्याच्या वाटेंत. झडप अडकली असेल, तिची तार तुटली असेल, किंवा ऊन पाण्याच्या रेडिएटरला वळसा घालून वारा परभारें येत असेल.

श्रोतेहो, या साऱ्या विवेचनांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आतां सांगतों. हीटरचा वारा अकस्मात् गार पडणें ही पुष्कळदां इंजिनाची पहिली हांक असते. जलव्यवस्थेंतील पाणी कमी होऊं लागलें म्हणजे उंचावरील हीटर आधीं कोरडा पडतो. कित्येक गाड्यांत उष्णतामान मोजणारा कांटाहि पाण्यांत बुडलेला असेल तरच खरें सांगतो; पाणी त्याच्या खालीं गेलें कीं तो निश्चिंतपणें खोटें बोलतो. अशा वेळीं 'थंडी काय, सोसूं' असें म्हणून जो पुढें जातो, त्याच्या इंजिनाचें डोकें वाकण्याचा संभव असतो. पाणी घालूनहि तें पुन्हां पुन्हां कमी होत असेल, रेडिएटरमध्यें सतत बुडबुडे उठत असतील, तर गॅस्केट जळाल्याची शंका घेऊन गाडी थांबवावी. गाडींत गोडसर वास येऊन कांचेवर चिकट थर बसत असेल तर हीटर आंतून पाझरतो आहे. आणि तें गोड लागणारें ग्लायकॉल मुलांना व जनावरांना घातक आहे, म्हणून काढलेलें पाणी उघड्या भांड्यांत ठेवूं नये.

कांचेचा संबंध तर कायद्यानेंहि मान्य केला आहे. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेंतील नव्या मोटारींना पुढची कांच धुकें व दंव यांपासून मोकळी ठेवणारी योजना बंधनकारक झाली. जी वस्तु एके काळीं जादा पैसे मोजून घ्यावी लागे, ती रस्ता दिसण्याचें साधन म्हणून अनिवार्य ठरली. आपल्याकडे घाट चढतांना इंजिन तापलें तर हीटर पूर्ण उघडावा असें जाणते चालक सांगतात, तें याच न्यायानें. छोटा रेडिएटर मोठ्याच्या मदतीला धांवतो.

जुन्या गाड्या ज्यांनीं जतन केल्या आहेत, त्यांच्या हातीं धातूच्या रूपानें हा सारा इतिहास आहे. तोटी, थर्मोस्टॅट, झडप यांपैकीं कोणतीहि वस्तु निष्कारण बसविलेली नाहीं. ती कां बसविली हें ज्यानें समजून घेतलें, तो गार वारा आला असतां पाना उचलण्यापूर्वीं आधीं रेडिएटरचें पाणी पाहील; आणि त्या एका पाहण्यानें केवळ त्याची ऊबच नव्हे, तर कित्येकदां त्याचें इंजिनहि वांचेल.